लिहिलंय म्हणून वाचायचं?

...नाही, पण मला एक सांगा, लिहिलंय म्हणून वाचायचं? समोर माणसं बसलीयत, हाताखाली तंबाखूची पानं, कानांत जीव आणून ऐकतायत, आणि हा नवा वाचक, तेओफिलो, शहरात शिकून आलेला, खुशाल वाचतो, "आणि ग्रासिएलाने प्राण सोडला." अरे, सोडला? असा कसा सोडला? आमच्या ग्रासिएलानं?

तुम्हाला सांगतो, आमच्या कारखान्यात आम्ही सगळे सिगार वळणारे, एकजात अक्षरशत्रू, पण पुस्तकाचं वेड विचारू नका! सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचक उंच चौथऱ्यावर बसून वाचणार, आम्ही खाली वळणार, आणि कुठलं पुस्तक ते हात वर करून ठरवणार. त्यावरून सख्खे भाऊ अबोला धरून बसलेत गावात! जुने वाचक एवेलिओ, सगळे त्यांना मानानं 'डॉन एवेलिओ' म्हणायचे. काय आवाज होता! पानांच्या शिरा काढणारी आमची लेओकादिया इतकी रडायची, की मुकादम ओरडायचा, "बाई, माल भिजतोय!" ही ग्रासिएलाची गोष्ट आधी त्यांनीच वाचलेली. पोरीला छातीचा रोग, खोकून खोकून रक्त पडतं, शेवटी समुद्राच्या वाऱ्यानं खडखडीत बरी होते, पावाची भट्टी काढते, जुळी होतात. झालं! आम्ही खूश.

मग डॉन एवेलिओ वारले. आणि माझी बायको, कासिल्दा, माझ्या शेजारच्याच टेबलावर वळायला बसायची, ती खोकायला लागली. हो... तोच खोकला. अंथरुणाला खिळली आणि म्हणते कशी, "हिलारिओ, ती ग्रासिएलाची गोष्ट पुन्हा लावायला सांग ना. रोज येऊन मला सांगत जा." अख्ख्या कारखान्यानं हात वर केले हो! लेओकादियानं तर दोन्ही!

आणि शेवटाला हे. "खोटं!" लेओकादिया ताडकन उठली. "डॉन एवेलिओंनी वाचलं तेव्हा जगली ती! मेल्या, भट्टी कुठाय? जुळी कुठं गेली?" तेओफिलो बिचारा घाबरून पुस्तक आमच्यापुढं नाचवतोय, "बघा ना, तसंच लिहिलंय!" बघा? आम्ही काय बघणार, कपाळ? म्हातारा आम्हाला फसवत होता, हे तेव्हा कळलं. आणि राग कुणाचा आला? तेओफिलोचा! लिहिलंय म्हणून वाचायचं?

घराकडे पाय उचलेना. कासिल्दा उशीला टेकून, केस विंचरून वाट बघत बसलेली. केली सुरुवात... समुद्राचा वारा, भट्टी, जुळी... माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं! तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "डॉन एवेलिओंनीसुद्धा शेवट पुस्तक मिटूनच सांगितला होता. तुला दिसलं नाही?"

मला कुठलं दिसायला! मी मान खाली घालून वळतोय.

"मला दिसलं होतं," म्हणाली. "बरं, भट्टीचं पुढं काय झालं?"

पुढं? पुढं काय, माझं डोंबल? पण सांगितलं. रोज सांगितलं. पाव करपले, जुळ्यांना दात आले, सासू रुसली, सासूला परत आणायला गेले तर गाढवच अडून बसलं... कासिल्दा हसायची, हसता हसता खोकायची, मी थांबलो की, "पुढं?" एके संध्याकाळी जुळ्यांच्या लग्नापर्यंत आलो, थांबलो, आणि तिचं "पुढं?" काही आलंच नाही.

माणसं येतात, पाठीवर हात ठेवतात, "हिलारिओ, तिच्या नशिबात तसंच लिहिलं होतं रे." लिहिलं होतं! अहो, लिहिलंय म्हणून... जाऊ द्या.

पण त्या ग्रासिएलाचं मी काय करू, सांगा? संध्याकाळ झाली की रिकाम्या खाटेजवळ बसतो आणि तोंड आपोआप सुरू होतं. आजी झाली, पणजी झाली, दात पडले, गुडघे धरले. थकलीय हो म्हातारी. काल म्हणते, "हिलारिओ, आता तरी मला मरू दे की रे!" म्हटलं, बये, गुमान भट्टी पेटव, उद्याचे पाव कोण करणार?