मळायची राहिलेली पुस्तकं

नगरकडच्या अकोले स्टँडवर माझ्यामागे रांगेत दोन गुरुजी बोलत होते. ऐकू नये असं वाटूनही मी ऐकत राहिलो.

"मच्छिंद्र गुरुजी, सरकारनं पहिलीला दिलेली गोष्टींची पुस्तकं कुठं हायेत?"

"पेटीत. दोन वर्षं कुलूप हाय. फाटली तर माझ्यावर यायचं."

"अन् उद्या तपासणी. पुस्तकं वापरलेली दिसली न्हाईत, तर तुमची बदली थेट घाटघरच्या डोंगरात."

"म्हणून तर काल पोरांना गूळ-शेंगदाणे दिले. म्हटलं, आता त्याच हातानं पानं मळवा."

"मग झालं की काम."

"कशाचं? दिवसभरात तीनच पुस्तकं मळली."

"का?"

"कार्टी वाचत बसली."

"दटावायचं मग."

"दटावलं. म्हणतात, गुरुजी, गोष्ट संपू द्या."