हाडाला फट हवी

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सुतार आणि त्याची बायको बसले होते. ठणका माझ्या दाढेत होता, पण कान त्यांच्याकडे होते.

“मागच्या वेळी डॉक्टरीणबाई काढलेल्या दाढेच्या खड्ड्यात हाडाचे दाणे भरत होत्या, तेव्हा मध्ये बोललात कशाला?”

“दाणे हलत होते गं. मी म्हटलं, दाणे चिकटवायचा तो डिंक जरा सढळ हाताने सोडा.”

“त्या बिचारीला वाटलं, माणूस जाणकार आहे.”

“आहेच. एक्स-रेच्या फोटोत बघ, एक तरी दाणा जागचा हललाय?”

“दाणे हलले नाहीत, पण हाडही आलं नाही. हाड दाण्यांमधल्या फटीतून वाढतं म्हणे. डिंक ओतायला लावून तुम्ही फट ठेवलीत कुठे?”

“फट ठेवणारा सुतार कधी पाहिलायस?”

“आज सगळं खरवडून पुन्हा भरणार. या वेळी हाड धरलं नाही, तर पक्का दात बसणार नाही, थेट कवळी.”

“कवळी नको गं.”

“मग आत गेल्यावर तोंड फक्त उघडायचं. बोलायचं नाही.”

“आणि त्यांनी काही विचारलं तर?”

“मी आहे ना.”

दार उघडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “काय काका, कसं वाटतंय?”

सुताराने बायकोकडे पाहिलं.

“त्यांना बरं वाटतंय,” ती म्हणाली.