नावाड्याची किल्ली

किल्लीवाले : नाही बाई, असं होत नाही. किल्ली आहे म्हणजे कुलूप आहे. चाळीस वर्षं किल्ल्यांचं दुकान चालवलंय मी.

लेखिका : आजोबा, तेच सांगायला आलेय. नावाड्याच्या किल्लीचं दार कुठं, असं विचारणारं तुमचं पत्र आलं, पण ऑफिसात कोणाला उत्तर देता येईना. त्या व्हिडिओ गेमची गोष्ट मी लिहिली, म्हणून मीच आले. नावाडी जी किल्ली देतो, तिला दार नाही. आणि आता ती किल्लीही काढून टाकायची आहे. सोमवारपर्यंत.

आजी : ऐकलंत? मी कधीची म्हणत होते, दार नाहीच म्हणून.

किल्लीवाले : तू म्हणालीस, दीपगृहाचं तळघर बघा. चार दिवस वटवाघळांशी भांडत होतो मी तिथं.

लेखिका : दार होणार होतं. नावाड्याची मुलगी हरवलीय ना, तिच्या खोलीचं. पण गेम बाजारात आणायची तारीख डोक्यावर आली आणि तेवढा भाग अर्धवट सोडला. किल्ली तेवढी काढायची राहिली. माझी चूक.

किल्लीवाले : म्हणजे ती दोनशे चौदा दारं...

लेखिका : सगळी लावून पाहिलीत?

आजी : दोनदा. पहिल्या खेपेला किल्ली उलटी धरली असेल म्हणाले.

लेखिका : गेममध्ये उलटी धरता येत नाही हो.

किल्लीवाले : ते मला काय ठाऊक? हातात आल्याशिवाय किल्ली कळते का माणसाला?

लेखिका : माफ करा. तुमचा एवढा वेळ वाया घालवला मी.

किल्लीवाले : वाया? अगं, यांना सांग काहीतरी.

आजी : तुम्हीच सांगा. शाळा तुमची.

किल्लीवाले : गेम नातीचा. ती परगावी शिकायला गेली, जाताना आमच्या करमणुकीला ठेवून गेली. बटणं मी दाबायचो, लिहिलेलं ही वाचून दाखवायची. मला अक्षरओळख नव्हती. दुकानातली पावतीसुद्धा हीच लिहायची. हिचे डोळे हळूहळू जातच होते. नावाड्यानं किल्ली दिली आणि त्याच सुमारास हिला पडदा दिसेनासा झाला.

लेखिका : मग?

किल्लीवाले : मग काय, दारं. प्रत्येक दारावर पाटी. पाटी कळल्याशिवाय घर कोणाचं हे कसं कळणार? पडद्यावर जे दिसेल ते मी हिच्या तळहातावर बोटानं गिरवायचो. ही सांगायची, हा 'क', हा 'ठ'.

आजी : आणि यांची बोटं म्हणजे कानस. महिनाभर हात हुळहुळत होता माझा.

किल्लीवाले : साठाव्या दारावर 'कोठार' एकट्यानं वाचलं. शंभरानंतर हिचा हात धरायची गरज उरली नाही.

आजी : तरी धरायचे.

किल्लीवाले : ते राहू दे. बाई, तुम्ही दार केलं असतंत ना, तर ते कुठंतरी विसाव्या घराला उघडलं असतं आणि मी आपला ढच्या ढ. आता रोज सकाळी हिला वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ते पत्रही माझ्याच हातचं. माफी कसली मागता? तुमचे उपकार आहेत.

लेखिका : अक्षर असं मोठं, ठसठशीत होतं की आम्हाला वाटलं, लहान मुलाचं पत्र आहे.

आजी : लहानच आहेत. आत्ता कुठं दीड वर्ष झालंय शाळेत घालून.

(लेखिका पिशवीतून वही काढते.)

लेखिका : गेम नव्यानं निघतोय. त्यातल्या अर्धवट गोष्टींची यादी केलीय. दार बांधायला वेळ नाही, पण किल्ली काढता येते. म्हणजे पुन्हा कोणी तुमच्यासारखं हिंडणार नाही.

किल्लीवाले : काढू नका.

लेखिका : लोक शिव्या देतात, आजोबा.

किल्लीवाले : देऊ द्या. दुकानात लोक किल्ली करायला टाकायचे आणि न्यायला यायचे नाहीत. मी एकही भंगारात घातली नाही, खिळ्याला टांगून ठेवायचो. एक गृहस्थ अकरा वर्षांनी आला.

आजी : तोवर त्याचं कुलूप मोडून झालं होतं.

किल्लीवाले : तरी किल्ली घेऊन गेला ना? हसत गेला.

लेखिका : बरं. खोडली यादीतून. किल्ली राहील. पण मला तुम्हा दोघांसाठी काहीतरी करायचंय. दार नाही जमणार, एखादं वाक्य जमेल.

किल्लीवाले : माझं सगळं झालंय, पोरी. हिला विचार.

आजी : तो नावाडी आहे ना, त्याच्याकडे आम्ही रोज एक चक्कर मारतो, मुलीचं काही कळलं का बघायला. तो दर वेळी तेच. 'किल्ली जपून ठेवा.' जसं काही आम्हाला आजच बघतोय.

लेखिका : दुसरं वाक्य लिहिलंच नव्हतं मी त्याला.

आजी : मग एक लिही. मुलगी यायची तेव्हा येईल बिचारी. पण आपल्या लेकीसाठी कोणी एवढ्या खेपा घालतंय, तर...

लेखिका : काय म्हणू दे त्याला?

आजी : 'बसा' म्हणू दे.