अठ्ठावन्न निबंधांचा माणूस

पाहुण्यांनी विचारलं तेवढंच बोलायचं, अन् काऊन म्हणून विचारायचं नाही — आईनं सकाळपासून चारदा बजावलंय, लक्ष्मणकाका, पण कॉलेजात काय वाचलंस, हे तुमीच विचारलं ना? मग ऐका. चारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज आहे — नाव राहू द्या, हे स्थळ आणणारे उद्धवमामा हसतील — मोठा न्यायाधीश होता, अन् निबंध लिहायचा. निबंध म्हणजे आपण शाळेत पावसाळ्यावर लिहितो तसले नाहीत हो. राग, मैत्री, म्हातारपण, बागा — एकेकावर दोन-तीन पानं, बस्स. वाक्यं अशी आखूड, की एक शब्द काढला तर सगळं ढासळेल. आमचे इंग्रजी शिकवणारे तेलुगू सार, म्हणजे सर, म्हणतात, ह्याचं वाक्य मिनिटात वाचून होतं, पचायला दोन दिवस लागतात. मला फार आवडतो. — हो, मी स्वतः किती लांबण लावते ते आईच्या डोळ्यांवरून कळून राह्यलं, पण तो लिहीत होता, मी बोलून राह्यले, फरक आहे.

तर पहिल्यांदा दहाच निबंध. मग अडतीस. मग अठ्ठावन्न. अठ्ठावीस वर्षं एकच पुस्तक घासत बसला — कोणी त्याला म्हटलं नाही, की झालं तेवढं पुरे, आता घरातलं बघ. माणूस सरळ होता का? कुठला. खटला चालू असतानाच त्यातल्या लोकांकडून भेटवस्तू घ्यायचा. पकडला तेव्हा कबूल केलं, पण म्हणे त्या वस्तूंपायी निकाल कधी फिरवला नाही. दोन्ही घरी जेवायचं, अन् वर आपण स्वच्छ — मामा, तुमी काऊन खाकरता? तुमचं नाव घेतलं का मी?

अन् लग्न कधी केलं माहीत आहे? पंचेचाळिसाव्या वर्षी. मुलगी चौदाची. पुढे लग्नावर निबंधही लिहिला, मोठा शहाणा — बायकोपायी पुरुषाचं काय अडतं, ते सगळं त्यात आहे. त्या चौदाच्या पोरीचं काय अडलं, ते नाही. मी वर्गात विचारलं, तर सार म्हणाले, हे पेपरात लिहू नको, मार्क जातील. मी तर लिहिणार. बावीस एप्रिलला त्याचाच पेपर आहे, शेवटच्या वर्षाचा —

काय? शिक्षण सुटलं? कोणाचं, माझं? कोणी सांगितलं तुमाला, मामांनी? थांबा, थांबा. आमाला तर मामा म्हणाले, बेल्लमपल्लीचे पाहुणे, म्हणजे तुमीच, स्वतःहून म्हणून राह्यले, पोरीला शेवटचं वर्ष पूर्ण करू द्या. तुमी बोललाच नाहीत असं? अन् तारीखही काढली — अठरा एप्रिल? बाबा, तुमाला हे माहीत होतं. मान खाली घालू नका, माझ्याकडे बघा.

अन् हा कागद कशाला? हां, अक्षर पाहायचं. लग्नानंतरचं नाव लिहून दाखवायचं, रीत आहे. ताईनंही दाखवलं होतं, ह्याच सतरंजीवर बसून. तिनं मान वर न करता लिहिलं, अन् सगळे म्हणाले, अक्षर वळणदार आहे.

माझंही वळणदार आहे, काका. पण ते नाव मी लिहिणार नाही. तुमचा मुलगा वाईट असेल म्हणून नाही, त्याच्याशी तर मी दोन शब्दही बोलले नाही. बावीस तारखेला मी सकाळच्या सातच्या बसनं आदिलाबादला जाणार, पेपर देणार. लग्नाचं त्याच्यानंतर, अन् मला विचारून. ते जमत नसेल तर हे लग्न होणार नाही. झालं माझं.

मामा, बोला की. आई? बाबा, तुमी तरी?

हा घ्या कागद, कोराच आहे.

बरं. काका, तुमची परतीची बस साडेचारला असते, चौकातून.