देखरेखीचा रकाना

तात्याराव : (गाडीत बसत) पण मला सांग दीना, ती पाण्याची बादली फाटकातच का ठेवलीय? हात तर माझे स्वच्छ होते.

धम्मदीना : मळले म्हणून नाही हो बाबा. अशा जुन्या जागेतून बाहेर पडताना हात धुवायचे, ही इथली रीत. हिनेआजींनी ठेवलीय ती.

तात्याराव : हिनेआजी म्हणजे ती टोपीवाली म्हातारी? मी तिला तुमची कामगार समजलो! इथला नमस्कार म्हणून 'किआ ओरा' म्हटलं तर हसली गोड.

धम्मदीना : माओरी आहेत त्या, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या कुळाची. आमच्या कंपनीचं रस्त्याचं काम चालू असताना ते खड्डे लागले, म्हणून सगळं थांबलंय.

तात्याराव : खड्डे कसले, पेवं आहेत ती! आपल्याकडे ज्वारीची असायची तशी.

धम्मदीना : रताळ्यांची आहेत. कसं ओळखलंत?

तात्याराव : अगं, बत्तीस वर्षं पुरातत्त्व खात्यात काढली. लेण्यांवर पहारेकरी म्हणून का होईना. बरं, आता ती राखायची की बुजवायची, हे बघणार कोण?

धम्मदीना : तिथंच तर घोडं अडलंय. शेवटचा निर्णय देखरेख करणाऱ्याचा, आणि त्याचं नाव घालून हा फॉर्म पाचच्या आत हॅमिल्टनच्या ऑफिसात द्यायचाय, माझ्या सहीनं. आमचे तज्ज्ञ म्हणतात, फोटो काढा, मापं घ्या आणि बुजवा. हिनेआजी म्हणतात, थांबा, आधी आम्ही बघतो. आणि आमचा बॉस क्रेग म्हणतो, आजींचं नाव 'सल्ला'च्या रकान्यात टाक, 'देखरेख'मध्ये तज्ज्ञांचं. स्वीट ॲज, म्हणजे झालं काम!

तात्याराव : बरोबरच आहे त्याचं. शिकलेला माणूस नको का? भावनेवर खातं चालत नाही.

धम्मदीना : हे तुम्ही म्हणता?

तात्याराव : जन्मभर तेच म्हणत आलो. नियम तो नियम.

धम्मदीना : लीलाआजीलासुद्धा?

(तात्याराव गाडीची काच खाली करतात.)

तात्याराव : तुला कुणी सांगितलं?

धम्मदीना : आईनं. अर्धवटच.

तात्याराव : बुद्धपौर्णिमा होती. माझी आई मेणबत्ती घेऊन चैत्यात आली. आत ज्योत न्यायची नाही, भिंतीवर काजळी धरते. नियम चुकीचा नव्हता, आजही सांगतो. मी शिट्टी मारली, आणि पुढं होऊन फुंकर घातली. स्वतःच्या आईच्या हातातल्या मेणबत्तीवर.

धम्मदीना : मग? आजी काय म्हणाली?

तात्याराव : पुन्हा कधी लेणं चढली नाही. फार लागतं गं ते अजून. नियम करताना तिच्यासारखीला कुणी विचारलं असतं, तर तीच म्हणाली असती, बाहेर ओट्यावर लावू. काजळीतलं तिला आमच्या साहेबापेक्षा जास्त कळत होतं, चुलीपाशी आयुष्य गेलं तिचं.

धम्मदीना : आणि मघाशी म्हणे क्रेगचं बरोबर!

तात्याराव : जिभेला सवय लागलीय. पण या आजींकडे देखरेख दिली, तर तुझं काय होईल?

धम्मदीना : काम निदान तीन आठवडे बंद. क्रेग भडकणार. पुढच्या महिन्यात माझं प्रोबेशन संपतंय, आणि कायम करणं त्याच्याच हातात.

तात्याराव : अवघड जागेचं दुखणं आहे हे.

धम्मदीना : पेन द्या इकडे. हिनेआजींचं नाव 'देखरेख'मध्येच लिहिते. होईल ते होईल.

तात्याराव : शाब्बास! पण थांब. लिहू नकोस.

धम्मदीना : का? घाबरलात?

तात्याराव : घाबरलोय ना, बाप आहे मी. पण ते नव्हे. कुठल्या रकान्यात बसायचं, हे तू त्यांना विचारलंस का?

धम्मदीना : नाही.

तात्याराव : मग उतर. अजून फाटकाशीच उभ्या आहेत बघ.

धम्मदीना : बाबा, पाच वाजायला काही हीप्स, ढीगभर वेळ नाहीये हं.

तात्याराव : असू दे. निघताना पुन्हा हात धुवायचे, तेवढाच काय तो उशीर.