अक्षता आत कशा गेल्या

दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे अकरा, आमच्या हिंदीभाषक शहरातल्या अरेरा कॉलोनीतलं एक सरकारी कार्यालय. आमच्या शेजारच्या मुग्धाला रहिवासी दाखला हवा होता, कारण नोकरीच्या अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती; मी तिच्यासोबत गेलो होतो. तिथल्या कारकुनाने, बाबूंनी, कॉम्प्युटर सुरू केला. पडदा काळाच राहिला, आतून नुसतं बीप-बीप.

बोलावलेल्या दुरुस्तीवाल्या इरफानभाईंनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. "मेमरी नहीं मिल रही इसको. रॅम की जगह चावल पडे हैं."

"पूजा के अक्षत गिर गए होंगे," बाबू शांतपणे म्हणाले. "उसी से खराब हुआ."

मी विचारलं, "बाबूजी, बंद डब्यात अक्षता पडल्या कशा? आणि रॅम असती, तर तिच्या जागी तांदूळ बसले असते का?"

"भाईसाहब, आप पेपरवाले पूजा में भी घोटाला ढूंढते हैं," बाबू म्हणाले.

म्हणजे पूजेच्या वेळी डबा उघडा होता आणि रॅम आधीच गेली होती. दाखला मिळाला नाही, मुग्धाचा अर्ज राहिला. मी तक्रार केली. महिन्याभराने साहेबांचं उत्तर आलं: अक्षतांमुळे बिघाड झाला, यापुढे पूजेत फक्त फुलं वाहावीत.

रॅम कोणी काढली, हे त्यात नव्हतं. आजही कोणी सांगत नाही.