बेंचवरून दिसलेलं

काकू, सरांच्या घरची सगळी मंडळी, आमच्या आजी-माजी खेळाडू मुली आणि पालकहो,

तुम्ही सगळे आलात. मला बोलायला सांगितलंय. निकम सरांसमोर मी कायम ऐकायचंच काम केलं, आधी त्यांची खेळाडू म्हणून, मग त्यांच्या हाताखालची कोच म्हणून. त्यामुळे आज सांभाळून घ्या.

नाशिक रोडच्या आपल्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर उंच मुली कधी आल्याच नाहीत. मोठ्या शहरांचे संघ समोर उभे राहिले की आम्ही मान वर करून बघायचो. सर म्हणायचे, उंची मी कुठून आणू? नजर देतो.

आणि दिली. बेंचवरच्या प्रत्येक मुलीला समोरची एक खेळाडू वाटून दिलेली असायची. नुसत्या टाळ्या वाजवत बसायचं नाही. आपल्या वाट्याची बघायची. ती कमरेवर हात कधी ठेवते, बुटाची नाडी उगाच कधी बांधते, तोंडानं श्वास कधी घ्यायला लागते. टाइमआउट झाला की सर गप्प. आधी बेंच बोलणार, मग सर. समोरचे कोच ओरडून घसा बसवायचे, आणि आमचे सर मान खाली घालून पोरींचं ऐकायचे. आम्ही जिंकायचो ते यामुळे.

गेल्या आठवड्यातली फायनलही अशीच जिंकलो. कप इथे फोटोशेजारी ठेवलाय. मला तो बघवत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते काकूंना विचारून सांगतेय. ऋतुजा मागच्या रांगेत बसली आहे. चांदवडची पोर, इथे इंदिरानगरला मावशीकडे राहून खेळते. फायनलच्या दिवशी ती बेंचवर सरांच्या शेजारी होती. तेव्हापासून येणारा-जाणारा तिला एकच विचारतोय. तू शेजारीच होतीस ना? तुला काहीच कसं दिसलं नाही? पोरगी कोर्टवर यायची बंद झाली.

दिसलं होतं हो तिला. मी पलीकडेच होते, मी ऐकलंय. ती म्हणाली, "सर, तुम्ही तोंडानं श्वास घेताय. दमलात तुम्ही. बाहेर चला ना."

सर म्हणाले, "माझ्याकडं काय बघतीस? तुझी सात नंबर कुठंय, ते बघ."

ती तरीही उठली. माझ्याकडे आली. मी सरांना म्हटलं, डॉक्टरांना बोलावते. त्यांनी मला हातानंच खाली बसवलं. मॅच संपल्यावर बघू, म्हणाले. मॅच संपली, आणि बघायचं राहूनच गेलं.

सर, मला तुमचा राग आलाय. शोकसभेत असं बोलत नाहीत, मला कळतं. पण आयुष्यभर सांगितलंत, बेंच बोलला की ऐकायचं. आणि नेमकं त्या दिवशी ऐकलं नाहीत. का? एका कपासाठी? काकूंनी आता तो कप कुठे ठेवायचा?

ऋतुजा, इकडे बघ. तुझं काही चुकलेलं नाही. सरांनी शिकवलं ते तू सगळ्यात चांगलं केलंस. सोमवारी कोर्टवर ये. मी तिथे असेन. तू बोलशील तेव्हा मी ऐकेन, आणि तू माझ्याबद्दल बोललीस तर मॅच सोडून उठेन. हे मी सगळ्यांसमोर सांगतेय.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत राहू. फक्त एक विनंती आहे, डोळे मिटू नका. शेजारी कोण उभं आहे ते बघा. नीट बघा. कोणाला धाप लागलीय, कोण दमलंय. आणि दिसलं तर शांतता मोडून सांगा. सरांना चालेल.

सर, नमस्कार करते.